उजवीकडची वाटी

बाई, वालाच्या डाळिंब्या आता सोललेल्या मिळतात. बावधनला आमच्या इमारतीखाली दुकान आहे, तिथल्या थंड कपाटात पिशव्या रचून ठेवलेल्या असतात. मोड आलेल्या, साल काढलेल्या, एकेक दाणा दुसऱ्यासारखा. मी त्या घेत नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नाही. एकदा घेतल्या होत्या, उसळ चांगली झाली होती. पण सोलायला काही उरलं नाही की हातांना काय करावं ते कळत नाही, आणि हात रिकामे असले की मला उगीच कुणीतरी पाठीमागं उभं असल्यासारखं वाटतं. ते कोण हे तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं एकदाही मनात आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, अडचणीत आल्यावर आठवण झाली वाटतं. हो, अडचणीत आल्यावरच झाली. आज शुक्रवार आहे, दुपारचे दोन वाजून गेलेत. चार वाजता माझी विद्यार्थिनी माझ्या खोलीत येणार आहे. सोमवारी तिची पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, तिच्या तयारीसाठी ती येते आहे. आणि मला तिला सांगायचं आहे की तिच्या प्रबंधातलं जे मुख्य आहे, ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं आहे, ते चूक आहे. तिची चूक नाही. माझी आहे. मला हे अकरा दिवसांपासून ठाऊक आहे आणि अकरा दिवस मी रोज सकाळी संस्थेच्या बसमध्ये बसताना 'आज' म्हणते आणि संध्याकाळी उतरताना 'उद्या'.

आपल्या शेवटच्या भेटीत तुम्ही विचारलं होतंत, "तू नेमकं करतेस काय गं?" मी "रसायनशास्त्र" म्हणून मोकळी झाले. तुम्ही माझा हात नाकाशी नेलात आणि म्हणालात, "मग वास कसा येत नाही?" त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, आता देते. वास येत नाही, कारण मी रसायनांना हात लावत नाही. मी गणितानं त्यांच्याविषयी भाकीत करते. काही रेणू असे असतात की त्यांच्या एका टोकाला पाणी आवडतं आणि दुसऱ्याला अजिबात चालत नाही. साबणातले तसेच असतात. ते पुष्कळसे पाण्यात सोडले की कुणी न सांगता आपले आपणच जमतात. नावडत्या टोकांना आत लपवतात, आवडती बाहेर ठेवतात. कधी गोळा होतो, कधी पातळ पापुद्रा, कधी पोकळ नळी. तिथं मुकादम नाही, नकाशा नाही, कुणी शिट्टी वाजवत नाही. रेणूचा आकार आणि त्याच्या आवडीनिवडी मला सांगा, त्यातून काय उभं राहील ते मी संगणकात मांडून सांगते. निदान परवापरवापर्यंत तसं म्हणत होते.

तुम्हाला पंगतीवरून सांगते, म्हणजे तुम्ही डोळे मिटणार नाही. लग्नाचा मांडव आहे. पहिल्यांदा जो तो मिळेल त्या पाटावर बसतो. मग कुणी उठून मावशीशेजारी जातं, कुणी व्याह्यांपासून जरा लांब सरकतं, कधी अख्खं कुटुंबच उठतं आणि दुसऱ्या कुटुंबाला खेटून बसतं. थोडा वेळ अशी हलवाहलव झाली की कोण कुणाचं हे नुसत्या बसण्यावरून कळायला लागतं. मी संगणकात हेच करते. एकेका रेणूला उठवते, कधी जमलेला गटच्या गट उठवते, नव्या जागी बसवून बघते. यात एक नियम आहे, आणि तो मोडला तर बाकी सगळं पाण्यात: जे पुढं घडू शकतं ते मागंही घडू शकलं पाहिजे. दोन गट येऊन जुळत असतील तर त्याच जोडावरून ते सुटूही शकले पाहिजेत. सुटणं हजारात एकदा घडेना का, पण वाट उघडी हवी. ती बंद असली तर शेवटी मांडवात दिसतं ते कोण कुणाचं हे नसतं, कोण आधी आलं होतं एवढंच असतं.

पुढं आणि मागं. माझ्या शाखेतली माणसं हे जाडजूड पुस्तकांतून शिकतात. मी ते भरे गावात, तुमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ टेकून शिकले.

मी अकरा वर्षांची आहे. वडिलांची नोकरी पिरंगुटच्या कारखान्यात, आई दुपारभर शिवणकाम करते, आणि शाळा सुटली की मी तुमच्याकडं असते, कारण तुम्ही आमच्या संस्कृतच्या बाई आहात आणि तुमच्याकडं कुणी नाही. तुम्ही मला जटापाठ शिकवता आहात. तो तुम्हाला कुणी शिकवलेला नाही. तुमचे वडील ओसरीवर मुलांना सांगत आणि तुम्ही आत भाकऱ्या थापत ऐकत होतात, एवढंच तुमचं गुरुकुल. दोन शब्द सरळ म्हणायचे, मग उलट, मग पुन्हा सरळ. मग त्यातला दुसरा शब्द आणि तिसरा. असं सगळं वेणीसारखं गुंफत न्यायचं, म्हणजे हजारो वर्षं तोंडी चालत आलेल्या पाठात एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. वेद म्हणायला बायकांना मज्जाव होता, आणि तुम्ही म्हणालात, "मज्जाव पाठाला आहे, पद्धतीला नाही." म्हणून तुम्ही स्वतः संस्कृत वाक्यं रचलीत. त्यांतली अर्धी दूधवाल्यावर होती. गोपालकः क्षीरे जलम् मिश्रयति. गोपालकः क्षीरे, क्षीरे गोपालकः, गोपालकः क्षीरे. क्षीरे जलम्, जलम् क्षीरे, क्षीरे जलम्. तो बिचारा फाटकाशी चरवी घेऊन उभा असायचा आणि त्याला वाटायचं आत काही तरी पूजा चालली आहे. टायर हातात घेऊन बाहेर उंडारणाऱ्या मुलांपेक्षा मी फार पुण्यवान आहे असं तो माझ्या आईला सांगायचा.

समोर दोन पितळी वाट्या. मध्ये भिजवून मोड आणलेल्या वालाचं पातेलं. जोडी सरळ म्हटली की एक डाळिंबी सोलून डावीकडच्या वाटीत, उलट म्हटली की एक उजवीकडच्या. तिसऱ्यांदा सरळ म्हटलेलं देवाचं, त्याला दाणा नाही. शेवटी दोन्ही वाट्या सारख्या भरल्या पाहिजेत. उसळही होते, पाठही होतो. तुमच्याइतकं काटकसरी विद्यादान मी नंतर कुठंही पाहिलं नाही.

आणि मी चोरी करते. तुम्ही मागं अंगणात गेलात की उलट म्हणायचं सोडून देते आणि डाळिंबी मात्र उजवीकडं टाकते. सरळ म्हणताना वाक्याला अर्थ असतो, ते पळत पुढं जातं. उलट म्हणताना जीभ अडखळते, कंटाळा येतो. तीन आठवडे मी असं केलं. दोन्ही वाट्या रोज सारख्या. मग एका दुपारी तुम्ही म्हणालात, "आज सगळं सलग म्हण बघू, वाट्या नकोत." मी म्हटलं. झोकात म्हटलं. दोन ठिकाणी शब्द जागा बदलून बसले होते आणि मला ते ऐकूही आले नाहीत. तुम्ही उसळ ढवळत होतात. ढवळणं न थांबवता म्हणालात, "वाटी भरलीस. म्हणालीस कुठं?"

मी वाद घातला. मला वाटतं अकराव्या वर्षी माझ्याकडं आजच्यापेक्षा धीर जास्त होता. "उलट म्हटल्यावर अर्थच लागत नाही बाई, मग कशाला म्हणायचं?"

"अर्थ लागतो म्हणूनच तू चुकतेस," तुम्ही म्हणालात. "अर्थाचं बोट धरून घसरत पुढं जातेस. उलट म्हणताना बोट धरायला कुणी नसतं. तिथं कळतं, धरून ठेवलंय की नाही."

त्या दिवशीची उजवीकडची वाटी तुम्ही मलाच दूधवाल्याच्या म्हशीकडं न्यायला लावलीत. तो म्हणाला, "बाई, आज म्हशीला डाळिंब्या व्हय? काय इशेष?" आणि तुम्ही म्हणालात, "न म्हटलेल्या आहेत. आम्हाला चालत नाहीत. तिला काय, तिनं कुठं पाठ घेतलाय." मला वाढताना मात्र तुम्ही एक पळी जास्त वाढलीत. रागाचं आणि उसळीचं खातं तुम्ही नेहमी वेगळं ठेवायचात.

कॉलेजसाठी पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही त्यातली एक वाटी मला दिलीत. डावी की उजवी, हे सांगितलं नाहीत. ती आत्ता माझ्या टेबलावर आहे. तिच्यात टाचण्या, एक खोडरबर आणि कुठल्या तरी कुलपाची किल्ली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती डावी म्हणून सांगते.

आता माझ्या विद्यार्थिनीविषयी. तुम्हाला ती आवडली असती, आणि तुम्ही तिला तसं कधीच कळू दिलं नसतं. धरणाच्या पाण्याच्या पलीकडं डोंगरात एक वाडी आहे, पंचवीसेक घरांची, तिथली ती. आईवडील भातलावणीला जातात, एरवी मिळेल त्या मजुरीला. उन्हाळ्यात आई करवंदं, मध, हिरडा असं काय मिळेल ते पौडच्या बाजारात नेऊन विकते. ही मुलगी चार वर्षांपूर्वी माझ्याकडं आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला प्रयोगशाळा नको. काचेचं काही माझ्या हातून टिकत नाही." मला वाटलं ही विनोद करते आहे. तसं नव्हतं. पण कागदावर तिच्या हातून काही सुटत नाही. माझ्या जुन्या कोडवर तिनं नवा रेणू बसवला, आणि त्याच्या नळ्या झाल्या. लांब, सरळ, आतून पोकळ, इतक्या देखण्या की मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तिला कँटीनमध्ये जिलबी खायला घातली. त्या पोकळीत औषध भरून शरीरात हवं तिथं नेता येईल, असं आम्ही लिहिलं. दोन निबंध छापून आले. परदेशातल्या एका मोठ्या गटानं तिला पुढच्या कामासाठी जागा देऊ केली. पदवी हाती पडली की निघायचं.

तेरा दिवसांपूर्वी तिची आई संस्थेत आली. पहिल्यांदाच. डब्यात करवंदं आणली होती. आम्ही तिघी कँटीनमध्ये बसलो, आणि मुलीनं आईला लॅपटॉपवर तिचं चलच्चित्र दाखवलं: विखुरलेले रेणू, मग गोळे, मग गोळे एकमेकांना येऊन मिळतात आणि हळूहळू नळी.

"ह्या मुंग्या हायेत का?" आईनं विचारलं.

"मुंग्या नाहीत गं. रेणू. मी सांगितलं होतं ना."

"आन् ह्ये आपलं आपणच नळी करत्यात? कुनी सांगत न्हाई?"

"कुणी नाही."

तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. पदरानं पडदा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, ह्यातलं एकदा जुडलं की सुटत न्हाई का वो? डिंक लावल्यावानी बसलंय."

मला आता कुणी तरी बाई म्हणतं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. त्यामुळं की काय, मी अगदी तुमच्या आवाजात म्हणाले, "सुटतात की. जितक्या वाटा जुडायच्या तितक्याच सुटायच्या. इथं दिसत नाही एवढंच."

"मंग दावा की सुटताना. सरपनाची मोळी कितीबी आवळली तरी त्यातलं एखांदं लाकूड निसटतंया. हितं काईच निसटंना."

"आई, गप की," मुलगी म्हणाली. "करवंदं दे मॅडमना."

मी हसले. म्हटलं, "पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवते." आणि वर खोलीत येऊन तो तुकडा शोधायला बसले. सुटतानाचा एक तुकडा. चार वर्षांचं सगळं साठवलेलं होतं. मला वाटलं पाच मिनिटांचं काम.

त्या दुपारी सापडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. एकटा रेणू सुटून जाताना दिसत होता, तो लाखदा दिसत होता. पण गटाला जुळलेला गट, ज्याच्यामुळं नळी लांब होते, तो जोडावरून सुटलेला एकदाही नाही. तिसऱ्या दिवशी मी कोड उघडला. त्यातला गट हलवणारा भाग मी स्वतः लिहिलेला आहे, माझी स्वतःची पीएचडी करताना. जुळवण्याचं काम पूर्ण होतं. सोडवण्याच्या जागी तीन ओळी होत्या: सुटण्याचा एक प्रयत्न झाला असं मोजा, काहीही हलवू नका, परत जा. आणि शेजारी, रोमन अक्षरांत, माझ्याच शब्दांत टीप: उलट नंतर.

मला ते लिहितानाचा दिवसही आठवत नाही. काहीतरी घाई असणार. सरळ भाग चालला, चित्र उमटलं, कुणाला तरी दाखवायचं असेल. तात्पुरती जागा धरून ठेवली आणि पुढं गेले. आणि बाई, तपासणी केली नाही असं नाही. मी दर वर्षी नव्या मुलांना एक आलेख दाखवत आले. जुळण्याच्या प्रयत्नांची रेघ आणि सुटण्याच्या प्रयत्नांची रेघ, एकीवर एक, तंतोतंत. "बघा," मी म्हणायचे, "पुढं जितकं तितकंच मागं." वीस वर्षं मी दोन सारख्या भरलेल्या वाट्या दाखवत होते. प्रयत्न मोजले होते. घडलं काय ते कुणी मोजलंच नव्हतं.

मी त्या तीन ओळींच्या जागी जे असायला हवं होतं ते लिहिलं. अर्धा दिवस लागला. वीस वर्षांत जो अर्धा दिवस मला मिळाला नव्हता. मग तोच रेणू पुन्हा सोडला. नळ्या होत नाहीत. दोन गट जवळ येतात, जुळतात, आणि थोड्या वेळानं मोळीतल्या लाकडासारखे निसटतात. शेवटी पिठल्यातल्या गुठळ्यांसारखं काहीतरी उरतं. मी सहा वेळा करून पाहिलं. गुठळ्या.

यात अजून एक आहे, तेही सांगते, कुणाला तरी सांगायलाच हवं. आमचे निबंध वाचून दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेनं तो रेणू खरोखर तयार केला. दोन वर्षं त्यांनी नळ्या शोधल्या. मिळेनात, तेव्हा त्यांनी मला अगदी अजिजीनं विचारलं की आमचं काय चुकत असेल. मी त्यांना काचसामान नीट धुवा असं लिहिलं. सभ्य इंग्रजीत. त्यांनी धुतलं. पुन्हा लिहिलं, अजून मिळत नाहीत. मी लिहिलं, पाण्याचीही शुद्धता तपासा. ते काम करणारी मुलगी शेवटी कंटाळून सोडून गेली.

अकरा दिवस मी काय केलं विचाराल तर हिशेब केले. सोमवारची परीक्षा होऊन जाऊ दे, मग वर्षभरानं एक छोटी दुरुस्ती छापू. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध उत्तम म्हणून कळवलेलं आहे, त्यांना हे दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही, फक्त करवंदं विकणाऱ्या एका बाईला दिसलं आणि तिला मी हसून गप्प केलं. मुलगी परदेशी निघून जाईल, तिचं आयुष्य सुरू होईल, मग सावकाश. नंतर. हा शब्द मी मनात उच्चारला आणि कोडमधली ती टीप पुन्हा उघडून वाचली. माझं स्वतःचं काय व्हायचं ते होईल, वीस वर्षांतलं माझं निम्मं काम या कोडवर उभं आहे, ते मी अजून मोजलेलंही नाही, मोजायची छाती नाही. पण तिच्याकडं चार वर्षांशिवाय काहीच नाही. ते मी काढून घ्यायचं कसं? आणि नाही काढून घेतलं तर ती हेच सोबत घेऊन जाईल, तिथल्या माणसांपुढं मांडेल, आणि तिथं एखाद्या दिवशी कुणीतरी म्हणेल, सुटताना दाखवा.

सहा दिवसांपूर्वी ती खोलीत डोकावली. "मॅडम, सोमवारी वाडीतले बारा जण येतायत. आईनं जीप सांगून ठेवलीय. गेटवर सोडतील ना सगळ्यांना?" मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "येऊ देत. मी सांगून ठेवते." आणि खरोखर सुरक्षारक्षकाला बारा नावं दिली.

चारला पाच मिनिटं आहेत. ती कधी उशिरा येत नाही.

साडेपाच झालेत. ती येऊन गेली.

मी सांगितलं. पंगतीवरूनच सांगायला लागले, पण पंगतीतली कुटुंबं उठायच्या आतच तिला समजलं होतं. चेहऱ्यावरून कळलं. तरी तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं. खिडकीबाहेर चांदे गावाच्या बाजूला नव्या इमारतींचं काम चालू आहे, तिथला सिमेंट कालवणाऱ्या यंत्राचा आवाज येत होता. संस्थेत ती नेहमी अगदी नेटकं, पुस्तकी बोलते. आज म्हणाली, "म्हंजे आई बरोबर म्हनली. डिंकच हाय."

"हो."

"दुरुस्त करून रन केलंत?"

"सहा वेळा."

"एकदापन नळी न्हाई?"

"एकदाही नाही."

तिनं माझ्या टेबलावरची वाटी जवळ ओढली आणि त्यातल्या टाचण्या एका बाजूला गोळा करायला लागली. मग विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

इथं मी खोटं बोलले नाही, बाई. "तुझी आई आली होती त्यानंतर. अकरा दिवस."

ती हिशेब करत होती, ते मला दिसत होतं. "म्हंजे मी जीपचं सांगायला आले, त्याच्या आधी."

मी मान हलवली. ती रडली असती तर मी पाणी दिलं असतं, ओरडली असती तर ऐकून घेतलं असतं, मी सगळ्याची तयारी केली होती. ती हळूहळू पुन्हा नेटकं बोलायला लागली, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जड गेलं. सोमवार रद्द करायचा. प्रबंध परत घ्यायचा. दोन्ही निबंध मागं घेत असल्याचं मासिकांना कळवायचं, आणि दक्षिणेतल्या त्या लोकांना सगळ्यात आधी. "परत करायला किती लागेल, मॅडम? एक वर्ष?" मी म्हटलं, दीड. तिकडची जागा तोवर कुणी ठेवत नाही, हे तिलाही माहीत होतं, मलाही.

दाराशी जाऊन ती थांबली. "कोडमधली ती ओळ कुणी लिहिली होती?"

तिनं ते सहज विचारलं. संशय नव्हता त्यात. पत्रात लिहायला लागेल म्हणून विचारत होती.

मी म्हणाले, "जुना कोड आहे गं. पुष्कळांचे हात लागलेत त्याला."

यात एक अक्षर खोटं नाही. कोड जुनाच आहे, आणि त्याला हात पुष्कळांचे लागलेत. तिनं मान डोलावली. "मग तसंच लिहिते. जुन्या कोडमधली चूक." आणि जाता जाता, माझ्याकडं न बघता, म्हणाली, "मी तपासायला पाहिजे होतं. चार वर्षं माझ्यासमोर होतं ते. मीच आईला गप म्हटलं."

मी म्हणाले, "आपण सगळ्यांनीच तपासायला हवं होतं."

बाई, हे मी म्हणाले.

खिडकीतून ती दिसते आहे. खाली जांभळाच्या झाडाशी उभी आहे, फोन कानाला लावून. बोलत नाही. वाडीवर नेटवर्क मिळत नसेल, किंवा आईनं उचलला असेल आणि हिला सुरुवात सापडत नसेल. जीप नको म्हणून सांगायचं आहे. आणि ती सांगेल की चूक तिच्याच ध्यानात आली नाही, कारण तिला तसंच वाटतंय, कारण मी तिला तसं वाटू दिलं.

तुमच्या घराच्या जागी आता एक गोदाम आहे, पत्र्याचं, निळं. तिथं पत्र टाकून काही उपयोग नाही, आणि टाकणारही नव्हते. एवढी पानं लिहून झाल्यावर मला दिसतंय की पहिल्याच परिच्छेदात जे लिहायला हवं होतं त्याच्याभोवती मी दुपारभर गोल गोल फिरले आहे. माझी वाटी डावी नाही. तुम्ही सांगितलं नव्हतंत, पण तिच्या काठाला पोचा आहे, आणि तो मीच पाडला होता, म्हशीकडं नेताना रागानं उंबऱ्यावर आपटून. मला पहिल्यापासून माहीत होतं तुम्ही कुठली दिली आहे.

आजही वाटी भरली, बाई. म्हणायचं तेवढं राहिलं. ओळ माझी आहे, एवढे तीन शब्द, आणि खाली जायला दोन जिने. ती अजून झाडाखालीच आहे. मी अजून उठलेली नाही.